मंडळाचे तीन लाख: गुणवंतांना बक्षीस की गळणाऱ्या मुलांना फी?

दांडिया बझार, वडोदरा इथल्या एका वाचक ताईंचं पत्र:

«आमच्या मराठी मंडळाच्या शिक्षण निधीत देणग्या आणि ठेवींचं व्याज मिळून दर वर्षी साधारण तीन लाख रुपये जमतात. आजवर ते दहावी-बारावीत ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलांना गणपतीत व्यासपीठावर बोलावून दिले जातात. यंदा मी सुचवलं, की ज्यांचं शिक्षण अर्ध्यावर सुटतंय त्यांना द्यावेत. सासरे मंडळाचे जुने विश्वस्त आहेत. ते म्हणतात, आधी हुशार मुलं पुढं जाऊ देत, धंदे वाढू देत, मग बाकीचे आपोआप वर येतील. थोडी विषमता ही प्रगतीची किंमतच असते. पुतण्या युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकतो, तो म्हणतो विषमतेनंच प्रगती अडते. त्यात एका बातमीत वाचलं की समानतेत भारत जगात चौथा, दुसरीत वाचलं की विषमता इंग्रजांच्या काळापेक्षा जास्त. खरं काय मानायचं, आणि पैसे कुणाला द्यायचे?»

ताई,

पैशांचं आधी सांगतो, कारण सभा तोंडावर असणार. निधीचा मोठा भाग नववी ते बारावीतल्या, शाळा सुटण्याच्या काठावर असलेल्या मुलांना दरमहा द्या, आणि जूनपासून द्या. गुणवंतांचा सत्कार बंद करू नका, त्याची रक्कम कमी करा. आता हे का, ते सासऱ्यांसमोर मांडता येईल असं लिहितो.

त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. श्रीमंत घर मिळकतीतला मोठा हिस्सा शिल्लक टाकतं, त्या बचतीतून कारखाने उभे राहतात, आणि मेहनतीला जादा मोबदला मिळाला नाही तर कुणी जोखीम घेणार नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात जुना आहे. अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ च्या एका लेखात मांडलं, की शेतीकडून उद्योगाकडं जाताना विषमता आधी वाढते आणि पुढं उतरते. बऱ्याच राज्यकर्त्यांनी यातून अर्थ काढला, की थांबा, वेळ आली की उतरेल. खुद्द कुझ्नेट्स यांनी मात्र त्याच लेखात लिहून ठेवलं होतं, की यात आकडेवारी जेमतेम ५ टक्के आणि अंदाज ९५ टक्के आहे. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी तर क्रमच उलटा लावला: आधी जमीन वाटली, शाळा काढल्या, आणि मग त्यांची वेगवान वाढ सुरू झाली.

चीनचं उदाहरण सासरे नक्की काढतील. १९७८ नंतर तिथं वाढही झाली आणि विषमताही. गिनी हा विषमतेचा निर्देशांक २००८ मध्ये सरकारी आकड्यांनुसारच ०.४९१ वर गेला होता. पण चीननं धावायला सुरुवात केली तेव्हा शेतजमिनीची वाटणी बऱ्यापैकी सारखी होती, आणि साक्षरता व गावोगावचं प्राथमिक आरोग्य आपल्या त्या वेळच्या स्थितीपेक्षा पुढं होतं. पाया सारखा घातल्यावर वरचे मजले कमीजास्त झाले तर निभावतं.

अभ्यासकांमध्ये एकमत नाही, हेही पुतण्यानं मान्य करायला हवं. क्रिस्टिन फोर्ब्स यांच्या २००० सालच्या अभ्यासात थोड्या काळापुरती विषमता आणि वाढ बरोबर जाताना दिसली. त्याच वर्षी रॉबर्ट बॅरो यांना असं आढळलं, की गरीब देशांत विषमता वाढीला मागं खेचते, श्रीमंत देशांत तसं होत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१५ च्या टिपणात सर्वांत वरच्या २० टक्के लोकांचा मिळकतीतला वाटा एका टक्का-बिंदूनं (समजा ४० वरून ४१ टक्क्यांवर) वाढला तर पुढच्या पाच वर्षांत वाढीचा दर ०.०८ टक्का-बिंदूनं घटतो आणि खालच्या २० टक्क्यांचा वाटा तेवढाच वाढला तर तो ०.३८ नं वाढतो, असं गणित निघालं. हे सरासरीचे आकडे आहेत, त्यांवरून एका गावाचा किंवा एका मंडळाचा निर्णय करता येत नाही. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१४ च्या अभ्यासातलं निरीक्षण. विषमता वाढली की मध्यम आणि वरच्या घरांतल्या मुलांच्या शिक्षणाला धक्का लागत नाही. घटतं ते कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचं शिक्षण. देशाची वाढ मंदावण्याचा मुख्य रस्ता हाच, असं त्यांचं म्हणणं.

हा रस्ता एका घरात नेमका कसा चालतो, ते व्याजाच्या हिशेबात दिसतं.

समजा, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कंत्राटी हेल्पर असलेल्या एका वडिलांना महिना १४,००० मिळतात. मुलगा दहावीला ६८ टक्क्यांनी पास झाला. अकरावीची फी, पुस्तकं, कपडे, बसचा पास मिळून जूनमध्ये एकदम २०,००० लागणार आहेत. दुसरीकडं एक दुकानदार त्याला महिना ८,००० देऊन ठेवायला तयार आहे. म्हणजे अकरावीचा खरा खर्च २०,००० नाही. त्यात बुडणारे ९६,००० धरले पाहिजेत. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर एक वर्ष जादा शिकल्यानं माणसाची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. खर्च मुख्यतः बुडालेल्या पगाराचाच असेल, तर या गुंतवणुकीवरचा परतावाही साधारण तितकाच समजायचा.

आता पैसे कुठून आणायचे? बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, पण ते दहावी-बारावीनंतरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना. शाळेतल्या अकरावीसाठी त्या खिडकीवर काही मिळत नाही. घरात सोनं नसेल तर उरतो सावकार, आणि तिथं महिना तीन टक्के हा ओळखीचा दर आहे: २०,००० वर महिना ६००, वर्षाला ७,२००, मुद्दल तसंच. दर वर्षी ३६ टक्के देऊन ९ टक्क्यांची वस्तू कुणी घेत नाही. वडील मुलाला दुकानात पाठवतात तेव्हा त्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं नसतं. त्यांच्या वाट्याला आलेल्या व्याजदरात तोच हिशेब बरोबर ठरतो. अलकापुरीसारख्या सधन वस्तीतल्या घरात तसाच ६८ टक्क्यांचा मुलगा असेल, तर तिथं ठेवीवर बुडणारं व्याज ६-७ टक्के. तो अकरावीला जातो, पुढं इंजिनिअरिंगलाही जातो. दोन्ही मुलांची कुवत सारखी. कारखान्याला उद्या लागणारा कसबी माणूस देशानं फक्त व्याजदरातल्या फरकापोटी गमावला. ओडेड गेलोर आणि जोसेफ झायरा या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये हीच गोष्ट समीकरणांत मांडली: कर्जाचा बाजार अधुरा असेल, म्हणजे गरिबाला परवडणाऱ्या व्याजानं कर्ज मिळत नसेल, तर आजची विषमता उद्याच्या वाढीला अडवते.

म्हणून सासऱ्यांच्या «हुशार मुलं पुढं जाऊ देत» याला माझा विरोध नाहीच. हुशार मुलं दोन्ही घरांत असतात, एवढंच सांगणं आहे.

दोन बातम्यांचं कोडं त्या मानानं सोपं आहे. दोन्ही बातम्या वेगवेगळी गोष्ट मोजतात. कागद घ्या आणि पाच घरांची महिन्याची मिळकत हजारांत लिहा: १०, १५, २०, ३५, १२०. बेरीज २००, सरासरी ४०, पण मधलं घर २० वरच आहे. सरासरी सांगून फसवणूक कशी होते ते इथंच दिसतं. गिनी काढायचा तर चढत्या क्रमानं प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमांकानं गुणा: १०, ३०, ६०, १४०, ६००. बेरीज ८४०. तिची दुप्पट १,६८०. तिला घरांची संख्या गुणिले एकूण मिळकत, म्हणजे १,००० नं भागा: १.६८. त्यातून सहा भागिले पाच, म्हणजे १.२ वजा करा. उत्तर ०.४८. शून्य म्हणजे सगळे सारखे, आकडा १ च्या जवळ जाईल तसं सगळं एकाच घराच्या हातात.

आता त्याच घरांचा खर्च लिहा: १०, १४, १८, २८, ५०. शेवटच्या घरानं १२० मधले ७० शिल्लक टाकले. तोच हिशेब केला की गिनी येतो सुमारे ०.३१. घरं तीच, महिना तोच, आणि विषमता एकदम उतरल्यासारखी दिसते.

चौथ्या क्रमांकाची बातमी २०२२-२३ च्या सरकारी खर्च-पाहणीवर बेतलेली आहे. तिच्यावरून जागतिक बँकेनं भारताचा गिनी २५.५ (शंभराच्या मापात) दिला. अनेक देशांचा आकडा मात्र मिळकतीवरून काढलेला असतो, त्यामुळं एका रांगेत उभं करून क्रमांक लावणं चुकतं. शिवाय पाहणी करणाऱ्याला फार श्रीमंत घरांचं दार क्वचितच उघडतं. दुसरी बातमी वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या अंदाजाची. त्यात प्राप्तिकराची आकडेवारी जोडून मिळकत मोजली आणि २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडं २२.६ टक्के मिळकत आणि ४०.१ टक्के संपत्ती जाते, असं काढलं. खालच्या घरांचा खर्च खरोखर सुधारला असेल आणि वरची मिळकत त्याहून वेगानं पळाली असेल, हे एकाच वेळी शक्य आहे. तुमच्या निधीसाठी दुसरा आकडा जास्त कामाचा, कारण मुलाच्या शिक्षणात घालायला शिल्लक लागते, आणि खर्चाच्या पाहणीत शिल्लक दिसतच नाही.

मानवी विकासाचं मोजमाप वेगळं. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीनं १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी जो निर्देशांक आणला त्यात आयुर्मान, शाळेची वर्षं आणि दरडोई मिळकत अशी तीन अंगं आहेत. मिळकत तिथं लॉगरिदम घेऊन धरतात, म्हणजे वरच्या पातळीवर हजार रुपये वाढले तर फारसा फरक पडत नाही, खालच्या पातळीवर वाढले तर बराच पडतो. २०२५ च्या अहवालात भारताचा आकडा ०.६८५ आहे, १९३ देशांत १३० वा. विषमतेची वजावट केली की तो ३०.७ टक्क्यांनी घसरतो. विकासाचा जवळजवळ तिसरा हिस्सा असमान वाटणीत जातो, असा याचा अर्थ.

आणि मिळकत वाढली की बाकीचं आपोआप येतं का, याचं उत्तर आपल्या राज्यातच आहे. गुजरातची दरडोई मिळकत देशाच्या सरासरीपेक्षा बरीच वर. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३९ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. देशाचा आकडा ३५.५, केरळचा सुमारे २३. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या कुपोषणानं मेंदूच्या वाढीवर जो परिणाम होतो तो पुढं क्लास लावून भरून निघत नाही. तुमच्या निधीच्या आवाक्यात हे काम नाही. पण मंडळातल्या बायका वस्तीत जात असतील तर पहिल्या बाळंतपणाच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये (दुसरी मुलगी झाल्यास ६,०००) मिळाले का, एवढं विचारून अंगणवाडीत नोंद करून दिली तरी पुष्कळ.

सासऱ्यांना परक्या देशांचे दाखले नको असतील तर वडोदऱ्याचाच द्या. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात नेलं. राज्य तेव्हा श्रीमंत झालं होतं म्हणून नव्हे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याकडं बोट दाखवलं. खर्च परवडणार नाही, लोक तयार नाहीत, अशा हरकती आल्या आणि मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था १८९० ची, बँक ऑफ बडोदा १९०८ ची. शाळा, कसब आणि पत या तिन्ही गोष्टी एकाच राजवटीनं जवळजवळ बरोबरीनं उभ्या केल्या. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी मिळालेली बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती. पदवी घेऊन आल्यावर दिलेलं ते बक्षीस नव्हतं. पैसा कधी दिला, यावर सगळं अवलंबून असतं.

आता तुमचे तीन लाख. नववीपासून का, तर शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, आठवीपर्यंतच आहे. आणि बालमजुरीचा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवू देतो. मोफत शाळा संपते त्याच वयाला कामाचं दार उघडतं. गळती तिथंच सुरू होते.

मी अशी विभागणी करीन: १२ मुलांना महिना १,५०० प्रमाणे १० महिने, म्हणजे १,८०,०००. बिनव्याजी उसनवारीसाठी ८०,०००: दहा घरांना प्रत्येकी ८,०००, मे अखेरीस हातात, परतफेड ऑगस्टपासून ८०० च्या दहा हप्त्यांत. गुणवंतांच्या सत्काराला २५,०००. उरलेले १५,००० अर्ज, झेरॉक्स, परीक्षा फी, बसपास अशा किरकोळ अडचणींना. ही उसनवारी म्हणजे सावकाराच्या ३६ टक्क्यांना तुमचं थेट उत्तर आहे. त्यातली पाचवा हिस्सा रक्कम बुडेल असं धरून चाला. तरी पुढच्या वर्षी ६४,००० पुन्हा फिरतील, आणि मंडळाला वाटलं तर त्यातून मासिक मदतीत आणखी चार मुलं घेता येतील.

१,५०० रुपयांनी ८,००० ची नोकरी सुटत नाही, हे सभेत आधीच सांगून टाका. ही मदत काठावरच्या घरांसाठी आहे. जो मुलगा कामावर लागलाच आहे त्याला कॉलेजचा आग्रह धरू नका. आयटीआयचा कागद दाखवा. वेल्डर (१ वर्ष) आणि वायरमन (२ वर्षं) या ट्रेडना आठवी पास चालते, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी काम सांभाळून करता येते.

निवड गुणांवर करू नका. उत्तीर्ण आणि हजेरी एवढंच पुरे. गुणांची अट घातली की पैसा परत त्याच घरांत जातो जिथं क्लास आधीच लावलेला असतो. कागदही कमी मागा. उत्पन्नाचा दाखला काढायला मामलतदार कचेरीत दोन खेपा पडल्या तर रोजंदारीवरच्या बापाचे दोन दिवस जातात, आणि नेमकी सर्वांत गरजू घरं अर्जच करत नाहीत. वर्गशिक्षकांना थेट विचारा: कुणाची हजेरी दिवाळीनंतर घसरली, कुणाची फी दोन महिने थकली? ही दोन लक्षणं दाखल्यापेक्षा खरं बोलतात. आणि मदत घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर बोलावू नका. पंधरा वर्षांचं पोर वर्गमित्रांसमोर गरीब म्हणून उभं राहण्यापेक्षा शाळा सोडेल. रक्कम आईच्या खात्यात जाऊ द्या.

सरकारी पैसा आधी वापरा, म्हणजे तुमचा पुरेल. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा होते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि मुलगा सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतला हवा. विनाअनुदानित खासगी शाळेत घातलं की हा हक्क जातो, हे पालकांना सातवीतच सांगायला हवं. मुलींना गुजरात सरकारच्या नमो लक्ष्मी योजनेत नववी ते बारावी मिळून ५०,००० मिळतात: नववी-दहावीत महिना ५००, अकरावी-बारावीत ७५०, आणि उरलेली रक्कम दहावी व बारावी पास झाल्यावर. ८० टक्के हजेरी लागते. म्हणजे मुलींपर्यंत दरमहा काहीतरी पोचतं, तशी सरसकट सोय मुलग्यांना नाही. तुमच्या बारा जणांत मुलगे जास्त आले तर बिचकू नका. पैसा अडतो तो बहुधा क्षुल्लक कारणानं: शाळेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही (आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरूनही), खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा व्यवहार नसल्यानं बंद पडलंय. आपल्या मराठी नावांचं गुजराती लिपीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं, तेही बघा. मंडळातल्या दोन निवृत्त माणसांनी एप्रिलमध्ये चार रविवार हे कागद तपासून दिले, तर तुमच्या सगळ्या निधीपेक्षा जास्त रक्कम वस्तीत येऊ शकते: एनएमएमएसमध्ये सात मुलं लागली तरी चार वर्षांचे ३,३६,००० होतात.

ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या. समिती सदस्यांच्या सख्ख्या नात्यातल्या मुलांचा अर्ज दुसऱ्याच दोघांनी तपासायचा. मासिक मदत मध्येच फक्त हजेरी तुटल्यावर थांबवायची, आणि तीही घरी जाऊन कारण विचारल्यावर. आणि वार्षिक अहवालात ९० टक्क्यांवर किती गेले याच्याबरोबर, गेल्या जूनमधल्या बारापैकी या जूनमध्ये किती मुलं पुढच्या वर्गात बसली, हा आकडा छापायचा. सासऱ्यांना या यादीवर सही करायला सांगा. जुने विश्वस्त आहेत, त्यांच्या शब्दाला वस्तीत मान असेल, आणि वर्गशिक्षकांना भेटायला त्यांच्याइतकं योग्य माणूस मंडळात दुसरं नसेल.